गोमलीबाईनं नाव घेतलं

लग्नानंतर पन्नासेक वर्षं गोमलीबाई राठोड यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानात कोणी विचारलं तर त्या शेजारणीला कोपरानं ढोसायच्या आणि शेजारीण सांगायची, धरमसिंग. मतदानाला, दवाखान्यात, तलाठ्यासमोर हीच पद्धत. घरात त्या नवऱ्याला ‘सेवादासचा बा’ म्हणायच्या. सेवादास हा थोरला मुलगा. तो जन्मायच्या आधी काय म्हणायच्या, असं विचारलं की मुलगी वर्षाराणी हसते. “काईच नाई म्हनत होती. भांडं आपटत होती. बा समजून जात होता.”

जेठाचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, नाव घेणं तर दूरच राहिलं. अमरसिंग समोरून आले की गोमलीबाई वाटेच्या कडेला होत, पाठ फिरवत आणि पदर छातीपर्यंत ओढत. डोक्यावर लाकडाची मोळी असली तरी. पुढे अमरसिंग तांड्याचे नायक झाले. भांडण, सोयरीक, सण, कशातही शेवटचा शब्द त्यांचा. तेव्हा पदर आणखी थोडा खाली आला.

हा लहानसा तांडा पोहरादेवीच्या अलीकडे माळावर आहे. इथे सगळे आपसात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. त्यांचं बोलणं पुढे वऱ्हाडीत दिलं आहे.

मागच्या वर्षी होळीला तांड्यावरच्या बायका काठ्या घेऊन पुरुषांच्या मागे लागल्या होत्या. बंजाऱ्यांच्या होळीत हा मान बायकांचा असतो. त्या मारतात आणि पुरुष हसत खातात. डफ वाजत होता, होळीची गाणी चालली होती. नायक म्हणून अमरसिंग लिंबाखाली बाजेवर बसले होते. गोमलीबाई गर्दीतून बाहेर आल्या. पदर मागे पडलेला, तोंड उघडं. बाजेसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या,

“ए अमरसिंग, सरक तिकडं. मले बसू दे.”

डफ थांबला. मग मागून कोणीतरी ओरडलं, “होळी हाय बाप्पा, होळी हाय!” आणि सगळे हसले. अमरसिंगही हसले, सरकले. गोमलीबाई त्यांच्या शेजारी बाजेवर बसल्या आणि पाय हलवत गाणं ऐकू लागल्या.

होळीची राख उडून गेली. मग एका सकाळी पाण्याच्या टाकीजवळ त्यांनी पुन्हा तीच हाक मारली. “अमरसिंग, तुयी म्हैस माह्या वावरात शिरते. बांधून ठेव.” आता सण नव्हता. त्याच दिवशी घरी जेवताना त्यांनी नवऱ्यालाही नावानं हाक मारली, आणि धरमसिंग दचकून इकडेतिकडे पाहू लागले, जणू त्यांच्या मेलेल्या आईनं बोलावलं.

याचा अर्थ लावायला कोणालाच फार वेळ लागला नाही. अमरसिंग यांच्या मते हा माज होता. धरमसिंग यांच्या मते वय. आणि वर्षाराणीच्या मते तांड्यावर तिच्या जन्मापासून घडलेली ही सर्वांत चांगली गोष्ट होती.

तिघांचंही चुकलं होतं.

वर्षाराणी चव्हाण चाळिशीची आहे, एसटीत वाहक आहे. खाकी गणवेश, खांद्याला तिकिटाच्या मशिनची पिशवी, आणि मागच्या सीटवर झोपल्याचं सोंग घेणाऱ्यालाही उठवणारा आवाज. हा आवाज तिला आईकडून मिळाला, असं ती सांगते. ज्या बाईनं कधी जेठासमोर तोंड उघडलं नाही तिच्याकडून आवाज कसा मिळाला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचं उत्तर शेळीत आहे.

सुनेनं जेठाशी थेट बोलायचं नाही, ही रीत. बोलणं भागच असेल तर दारातल्या जनावराला सांगायचं आणि जेठानं ते ऐकून घ्यायचं. वर्षाराणीला आश्रमशाळेत घालायचं ठरलं तेव्हा अमरसिंग यांचा विरोध होता. गोमलीबाई पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून अंगणात उभ्या राहिल्या आणि शेळीला म्हणाल्या, “सांग त्याईले, पोरगी शाळेत चालली. इचारून नाई राह्यली म्हना, सांगून राह्यली.”

अमरसिंग यांनीही शेळीलाच उत्तर दिलं. “सांग तिले, पोरगी शिकून उद्या आपल्याच तोंडाले लागते.”

“लागू दे म्हना. माहं तोंड बंद हाय, तिचं तं चालू दे.”

पोरगी गेली. गोमलीबाई चौदाव्या वर्षी सून म्हणून या तांड्यावर आल्या होत्या. त्यांनी जंगलातून डिंक आणला, सीताफळाच्या पाट्या मानोऱ्याच्या बाजारात नेल्या, रोजगार हमीवर खडी फोडली. सोयाबीनची मळणी चालू असताना मजुरीवरून मुकादमाशी भांडायला बायका त्यांनाच पुढे करत. गावात, बाजारात, सगळीकडे त्या बोलत. फक्त दोन माणसांची नावं त्यांच्या तोंडून निघत नसत.

वर्षाराणी नोकरीला लागल्यापासून आईच्या, तिच्या याडीच्या, मागे होती. “याडी, घे ना नाव. काई होत नाई.”

“नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते. तुहा बा आदीच वाळला हाय.”

म्हणून आईनं त्या होळीला तोंड उघडलं तेव्हा मुलीला वाटलं, आपलं सांगणं एकदाचं फळाला आलं. तिनं आईच्या पाठीवर थाप मारली. “घे. आजूक घे. दोघाईचं घे.”

अमरसिंग यांनी आरडाओरड केली नाही. ते शांत माणूस आहेत आणि शांतपणे बोललेलं तांड्यावर जास्त ऐकलं जातं. त्यांनी धरमसिंगला बोलावून सांगितलं: फेब्रुवारीत बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज यांची जयंती येते. त्या दिवशी भोग लागतो, सगळा तांडा जमतो. तिथे गोमलीनं पदर ओढून यावं, पायावर डोकं ठेवावं आणि चूक झाली म्हणावं. तोवर नायकाच्या घरचं माणूस धरमसिंगच्या घरी पाणी पिणार नाही.

नायकाच्या घरानं पाणी सोडलं, तशी आणखी काही घरं गप्प झाली. हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. एका पोरीच्या साखरपुड्यात गोमलीबाई बसल्या त्या रांगेत त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. पुण्याला पोकलेन चालवणाऱ्या सेवादासनं फोनवर बहिणीला समजावलं. “मागून टाक ना माफी. दोन मिनिटाचं काम हाय. काय जाते आपलं?”

“तुह्यं काईच जात नाई, तुह्यं डोकं खाली नाई ना जाऊन राह्यलं.”

वर्षाराणी स्वतः अमरसिंग यांच्या अंगणात गेली. त्यांना ती मोठे बा म्हणते.

“मोठे बा, माफी काहून?”

“नाव घेतलं माह्यं.”

“नावच ना? शिवी तं नाई देल्ली.”

“शिवी देल्ली असती तं चाललं असतं. होळीले देतेच.” अमरसिंग यांनी तंबाखू मळत म्हटलं. “नाव घेतलं.”

ती तिथून निघाली ती ठरवूनच: आई वाकणार नाही. जयंतीला अजून अवकाश होता.

पण पावसाळा लागला आणि आईच्या धीटपणात काही वेगळंच दिसू लागलं. गोमलीबाई गूळ खायला लागल्या. चहात टाकायचा खडा आधी, मग मूठभर, मग डबा उघडून उभ्या उभ्या. डबा वर ठेवला तर बाज ओढून वर चढल्या. शेजारच्या घरी मयत झाली, बायका गळ्यात गळा घालून रडत होत्या, आणि गोमलीबाई त्यांच्यात बसून हसल्या. मोठ्यानं, मन लावून. त्याच शेजारणीची तीन बाळंतपणं त्यांनी केली होती. वर्षाराणीनं नंतर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “हसू आलं तं हसली.” त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. मुलीला ते खटकलं.

तिनं बापाला म्हटलं, दवाखान्यात नेऊ. धरमसिंग म्हणाले, “वय झालं. बाईमानसाचं असंच असते. माही माय बी शेवटी बडबड करत होती.”

इथे धरमसिंग यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी ते मानोऱ्याच्या बाजारात मोटरसायकल कुठे लावली ते विसरले आणि पायी घरी आले. पुढच्या आठवड्यात सोयऱ्यांची नावं चुकली. लगेच अमरसिंग यांनी जीप काढली, दोन भाऊबंद सोबत गेले, आणि धरमसिंग यांना अकोल्याला नेऊन डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. बी-बारा जीवनसत्त्व फार कमी निघालं. इंजेक्शनं झाली आणि ते सुधारले. तेव्हा कोणी म्हटलं नाही, वय झालं. धरमसिंग त्या वेळी आज गोमलीबाई आहेत त्यापेक्षा वयानं मोठे होते.

वर्षाराणीनं रजा टाकली आणि आईला एकटीनंच वाशीमला एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर कामात कसूर करणारे नव्हते. त्यांनी बराच वेळ दिला. साल कोणतं, महिना कोणता, आपण कुठे आहोत, असं मराठीत विचारलं. गोमलीबाईंनी मराठीतच सांगितलं. बाजारात आयुष्य गेलेली बाई मराठीला अडत नाही. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, ते थोड्या वेळानं परत विचारले, तेही बरोबर आले. शंभरातून सात वजा करायला सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मी शाळेत नाई गेली. हिले धाडलं, हिले इचारा.” डॉक्टर हसले आणि तो प्रश्न त्यांनी सोडून दिला.

“नवऱ्याचं नाव काय, आजी?”

“धरमसिंग. अन् त्याचा भाऊ अमरसिंग. तो लय आगाव हाय.”

डॉक्टर पुन्हा हसले. “छान. स्मरणशक्ती चांगली आहे. काळजीचं कारण नाही.”

“सर, पन ती अशी नव्हती. मयतीत हसली. तोंडाले येईन ते बोलते.”

“असं बघा, या वयात बायकांचा स्वभाव थोडा बदलतो. आणि तांड्यावरच्या बायका बोलायला मोकळ्याच असतात. तुमच्यात ते चालतं.”

“आमच्यात म्हंजे?”

“वाईट अर्थानं नाही म्हणत मी.”

कॅल्शियमच्या आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. डॉक्टरांनी आठवण तपासली होती आणि ती खरोखरच शाबूत होती. स्वभाव बदलला का, हे ठरवताना मात्र त्यांनी समोरच्या बाईकडे पाहिलं नाही. बंजारा बाई कशी असते याची जी कल्पना त्यांच्याजवळ आधीपासून होती, तिच्याकडे पाहिलं. त्या कल्पनेत गोमलीबाई चपखल बसल्या. पदर ओढून भिंतीशी बोलणारी बाई त्यांनी कधी पाहिलेलीच नव्हती.

घरी आल्यावर धरमसिंग म्हणाले, “सांगत होतो मी.” अमरसिंग यांच्यापर्यंत बातमी गेली: डॉक्टरनं सांगितलं, डोकं ठीक आहे. म्हणजे माजच. आता माफीला कोणतीच सबब उरली नाही.

गोष्ट तिथेच थांबली असती. ती पुढे गेली ती एका बिस्किटामुळे.

दिवाळीनंतर एका दुपारी वर्षाराणीची ड्यूटी मानोरा–कारंजा गाडीवर होती. आई मानोऱ्याला चढली. कारंज्याला बहिणीकडे जायचं होतं. वर्षाराणीनं तिला अर्धं तिकीट फाडलं आणि पुढे बसवलं. इंझोरीच्या थांब्यावर एक बाई लेकराला घेऊन चढली आणि शेजारी बसली. लेकराच्या हातात बिस्कीट होतं. गोमलीबाईंनी हात पुढे केला, बिस्कीट काढून घेतलं आणि खाल्लं. लेकरू रडायला लागलं. लेकराची आई आधी गोंधळली, मग चिडली. “म्हातारे, लाज हाय का नाई? लेकराच्या तोंडचं खाते!” गोमलीबाई चावत राहिल्या आणि त्यांनी लेकराच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं, तिथे काही आहे का म्हणून.

मागच्या दारातून वर्षाराणी हे पाहत होती. घरात लेकरं जेवल्याशिवाय ही बाई कधी घास घेत नव्हती. खडी फोडायच्या दिवसांत भाकरीचा शेवटचा तुकडाही ती लेकरांच्या पुढ्यात टाकायची. मुलीनं त्या बाईची माफी मागितली, थांब्यावर उतरून लेकराला बिस्किटाचा पुडा घेऊन दिला, घंटी दिली आणि गाडी पुढे निघाली. धीटपणा म्हणजे काय हे तिला माहीत होतं; ती रोज त्याच्या जोरावर नोकरी करते. धीट माणूस लेकराचं बिस्कीट हिसकावत नाही.

पुढच्या आठवड्यात ती आईला अकोल्याला घेऊन गेली. तिथल्या डॉ. सबिहा मेंदूविकाराच्या तज्ज्ञ, मूळच्या मंगरुळपीरच्या. त्यांनी आधी भाषा विचारली. गोरमाटी त्यांना येत नव्हती. पण हिंदी गोमलीबाईंना मराठीपेक्षा जवळची वाटते हे कळल्यावर त्या हिंदीत बोलल्या, आणि अडेल तिथे वर्षाराणीला गोरमाटीत विचारायला लावलं. आठवणीचे प्रश्न झाले. उत्तरं पुन्हा बरोबर आली. मग त्यांनी मुलीला विचारलं,

“जो पहले कभी नहीं करती थीं और अब करती हैं, वो बताओ. छोटी से छोटी बात.”

वर्षाराणीनं गूळ सांगितला. मयत सांगितली. बिस्कीट सांगितलं. डॉक्टर लिहीत होत्या. लिहितालिहिता त्यांनी सहज गोमलीबाईंना विचारलं, “अम्मा, आपके शौहर का नाम?”

“धरमसिंग.”

पेन थांबलं. डॉक्टरांनी मुलीकडे पाहिलं. “ऐसे ही लेती हैं? शुरू से?”

“नाई. मागच्या होळीपासून.” वर्षाराणीच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. “त्याच्या आदी कधीच नाई घेतलं. मोठ्या बापाचं बी घ्याले लागली.”

“ये तुमने पहले क्यूं नहीं बताया?”

“हे बिमारीत येते?”

“मेरी नानी को आखिर में अपने बच्चे याद नहीं थे,” डॉ. सबिहा म्हणाल्या. “मगर नाना का नाम पूछो तो तब भी मुंह फेर लेती थीं. यूं ही नहीं छूटता ये.”

वर्षाराणीनं आईकडे पाहिलं. आई टेबलावरच्या पेपरवेटमधलं रंगीत फूल नखानं टोकरत होती.

डोक्याचा फोटो निघाला. मेंदूच्या पुढच्या भागाची झीज दिसली. स्मृतिभ्रंशाच्या आजारांत हा एक प्रकार आहे, ज्यात आठवण बराच काळ टिकते. आधी जातो तो आवर: काय बोलू नये, कुठे हसू नये, कोणाच्या हातचं घेऊ नये. गोड खायची हाव याच आजारातली. औषधानं तो थांबत नाही. माणसाला सांभाळता येतं. डॉ. सबिहांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे या आजाराचे पुरुष लवकर येतात. दुकानात, कचेरीत, व्यवहारात बिघडलं की घरचे दुसऱ्या दिवशी हजर. बाईचं बिघडलं की आधी घरात भांडण होतं. सासू बिघडली, सून बिघडली, अंगात आलं, माज आला. ती त्यांच्यापर्यंत पोचते तेव्हा वर्षं गेलेली असतात. त्यातही खेड्यातली, तांड्यावरची, मोहल्ल्यातली असली तर वाटेत कोणीतरी सांगितलेलं असतंच, की यांच्यात असंच असतं.

परतीच्या गाडीत वर्षाराणी प्रवासी म्हणून बसली होती. आई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. ज्याला ती आईचं बंड समजत होती तो आजार निघाला होता. याचं वाईट वाटलं का, असं विचारल्यावर ती सरळ सांगते, “लय. मले वाटे याडी जितली. मी तं टाळ्या वाजवत होती.” आणि पुढच्याच वाक्यात तिचा आवाज वर जातो. “पन मले निदान चांगलं वाटलं होतं. बाकीच्याईले तं तेवढं बी नाई.”

घरी तिनं बापासमोर फोटो ठेवला.

“तुमी बाजारात मोटरसायकल विसरले तं आठ दिवसांत जीप निंगाली होती, बा.”

“मोटरसायकल हरवली म्हंजे दिसते,” धरमसिंग म्हणाले. बराच वेळ ते फोटो उजेडाकडे धरून पाहत राहिले, त्यात त्यांना काय दिसणार होतं कोणास ठाऊक. “हे मले दिसलं नाई.”

त्यांनी खोटं सांगितलं नाही. नंतर कधीतरी त्यांनी मुलीला हेही सांगितलं, की बायको नावानं हाक मारते तेव्हा ते ओ देतात. पहिल्या दिवसापासून देतात.

बातमी अमरसिंग यांच्याकडे गेली. त्यांनी लगेच निरोप धाडला. आजारी माणसावर राग नसतो. माफ केलं. जयंतीला गोमलीला तेवढं आणावं, पदर ओढून पायाला हात लावून घ्यावा, म्हणजे तांड्यासमोर विषय मिटेल आणि नायकाचं घर पुन्हा पाणी प्यायला येईल. धरमसिंग यांना हायसं वाटलं. सेवादासनं पुण्याहून फोन केला. “पाह्य, आता तं काईच प्रश्न नाई. डॉक्टरचा कागद कामी आला.”

वर्षाराणीच्या मते प्रश्न आता सुरू झाला होता.

जयंतीचा दिवस. सेवाभायाच्या, म्हणजे सेवालाल महाराजांच्या, देवळासमोर मांडव, वर पांढरा झेंडा. निखाऱ्यावर तूप-गूळ टाकून भोग लागला, अरदास म्हणजे प्रार्थना झाली. पुरुष एका बाजूला सतरंजीवर, बायका दुसऱ्या बाजूला जमिनीवर. मध्ये एकाच खुर्चीवर अमरसिंग. वर्षाराणी आईला हाताला धरून घेऊन आली. तिच्या अंगावर कामावरचा खाकी गणवेश होता, आईच्या डोक्यावर पदर होता, पण तोंड उघडं होतं.

“ये वर्षा,” अमरसिंग म्हणाले. “डॉक्टरनं सांगतलं ना? मंग झालं. बिमार मानसाची चूक पोटात घ्या लागते. तिचा पदर ओढ थोडा, अन् पायाले हात लाव तिचा. माफ हाय.”

“माफी नोको, मोठे बा.”

सतरंजीवर कुजबुज झाली. “काहून?” अमरसिंग यांनी विचारलं.

“माफी चुकीची असते. तिले रोग हाय, तिची चूक नाई. अन् रोग नसता, चांगल्या डोक्यानं तुमचं नाव घेतलं असतं, तरी चूक नव्हती.”

“तू आता कायद्याचं बोलून राह्यली.”

“नाई. आजीनं तुमचं नाव ठेवलं ते कोनं तरी घ्यावं म्हनून ठेवलं ना? का नुसतं रेशन कार्डावर टाकाले?”

बायकांच्या बाजूनं कोणीतरी फसकन हसलं. ती अमरसिंग यांची बायको रुखमाबाई होती, असं अनेकींनी नंतर सांगितलं. रुखमाबाई नाही म्हणतात.

“म्हंजे ही वाकनार नाई,” अमरसिंग म्हणाले.

वर्षाराणी पुरुषांच्या सतरंजीकडे वळली. तिथे तिचा नवरा बसला होता, मानोऱ्यात पंप दुरुस्त करणारा, सरळ, थोडा लाजाळू माणूस. घरात ती त्याला नावानंच हाक मारते. वडीलधाऱ्यांसमोर तिनंही कधी मारली नव्हती. त्या दिवशी तिनं गाडीतल्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या आवाजात मारली.

“हरीओम! याडीसाठी खुर्ची आन.”

हरीओमला उठायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात त्यानं सासऱ्याकडे पाहिलं. धरमसिंग यांनी मान खाली घातली नाही. हरीओम देवळामागे गेला आणि प्लास्टिकची एक खुर्ची घेऊन आला. वर्षाराणीनं ती अमरसिंग यांच्या खुर्चीसमोर ठेवली आणि आईला बसवलं. नायकासमोर खुर्चीवर बसलेली बाई त्या मांडवात कोणी पाहिली नव्हती.

गोमलीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मांडवात काय चाललं आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांची नजर अमरसिंग यांच्या पुढ्यातल्या परातीवर गेली. परातीत भोगाचा गूळ होता.

“अमरसिंग, गूळ दे.”

सगळा तांडा अमरसिंग यांच्या हाताकडे पाहत होता. परातीतला गूळ प्रसादाचा होता, आणि प्रसाद मागणाऱ्याला नाही म्हणायची नायकाला मुभा नसते. त्यांनी एक खडा उचलून पुढे केला. गोमलीबाईंनी तो तोंडात टाकला आणि पुन्हा हात पसरला. त्यांनी दुसरा दिला.

तांड्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. नायकाचं घर अजून धरमसिंगच्या घरी पाणी पीत नाही. दोन घरं बोलायला लागली, एक बोलत होतं ते बंद झालं. सेवादास बहिणीवर रागावलेला आहे. अमरसिंग यांनी माफीचा विषय पुन्हा काढलेला नाही. टाकीवर गोमलीबाई हाक मारतात तेव्हा ते, आवाज ऐकू येत असूनही, चालत राहतात. मग त्या आणखी मोठ्यानं मारतात.

आजार पुढे सरकतो आहे. डॉ. सबिहांनी सांगून ठेवलं आहे की कधीतरी शब्दही जातील. आज गोमलीबाईंना सगळी नावं पाठ आहेत आणि त्या ती दिवसभर घेतात.

वर्षाराणी आईला घरात बसवून ठेवत नाही. आठवड्यातून एखाददोनदा ती तिला आपल्याच गाडीवर नेते, अर्धं तिकीट फाडून, पुढच्या सीटवर. तिकिटाच्या मशिनच्या पिशवीत आता बिस्किटाचे पुडे असतात. आईनं कोणा लेकराच्या हातचं घेतलं की ती गाडीतून वाट काढत पुढे येते, त्या लेकराला पुडा देते आणि त्याच्या आईला सांगते, “हिले डोक्याचा रोग हाय. वाशीमले धरला नाई, अकोल्यात धरला.” काही बायका गप्प होतात. काही जणी विचारतात, अकोल्यात कुठे. ती दवाखाना सांगते, घंटी देते आणि पुढचं तिकीट फाडते. माफी ती मागत नाही.